ओळीची रुंदी कशी मोजतात?

वहीत ओळीच्या शेवटी शब्द मावत नसला, की आपण अक्षरे थोडी दाटीने लिहितो. यंत्राला ही सोय नसते. ओळ उमटण्यापूर्वीच तिची रुंदी त्याला कळावी लागते.

हाताने खिळे जुळवीत, तेव्हा हा प्रश्न फारसा बोचत नव्हता. उरलेली जागा जुळाऱ्याला डोळ्यांनी दिसे आणि शब्दांमध्ये कोरे खिळे घालून तो ओळ घट्ट बसवी. अडचण आली ती हे काम यंत्राकडे सोपवताना. अमेरिकेच्या पेन्शन कचेरीत कारकुनी केलेल्या टॉल्बर्ट लॅन्स्टन याने १८८७ साली एका यंत्राचे पेटंट घेतले. तेच पुढे 'मोनोटाइप' म्हणून प्रसिद्धीस आले. त्यात अक्षराची रुंदी एककांत मांडलेली असे. इंग्रजी 'आय'सारख्या चिंचोळ्या अक्षराला पाच-सहा एकके, तर सर्वांत रुंद अक्षराला १८. कळ दाबली की कागदी पट्टीवर छिद्रे पडत आणि यंत्र एककांची बेरीज करीत जाई. ओळ भरत आली की घंटा वाजे. मग शब्दांमधली प्रत्येक जागा किती रुंद हवी ते चालक पाहून घेई आणि त्याप्रमाणे शेवटच्या कळा दाबी.

पण ही माहिती मिळे ओळीच्या शेवटी, आणि खिळे ओतणाऱ्या यंत्राला ती हवी असे सुरुवातीलाच! यावरचा उपाय वर्गात आवर्जून सांगावा असा आहे: पट्टी ओतयंत्रात उलट्या टोकाने घालीत. आधी जागेचे माप वाचले जाई, मग ओळ शेवटच्या अक्षरापासून ओतली जाई.

टंकलेखन यंत्राने सगळ्या अक्षरांना सारखीच जागा देऊन हा प्रश्नच टाळला.

डोनाल्ड नूथ या संगणकशास्त्रज्ञाच्या 'दि आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या ग्रंथाचे पहिले खंड मोनोटाइपवर जुळवले होते. दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती प्रकाशजुळणीने काढायचे ठरले. १९७७ मध्ये तिची मुद्रिते पाहून नूथ इतके नाराज झाले, की त्यांनी स्वतःच 'टेख' ही आज्ञावली लिहायला घेतली. तिला अक्षराचा आकार ठाऊकच नसतो! तिच्या लेखी अक्षर म्हणजे एक रिकामी पेटी. पेटीची रुंदी, उंची आणि खोली एका तक्त्यात नोंदलेली असते. मोजमापाचे सर्वांत लहान एकक आहे पॉइंटचा ६५,५३६ वा भाग. दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण शंभराव्या भागाइतके ते लहान आहे. इतक्या बारकाईचे कारण डोळा नव्हे. कोणत्याही संगणकावर ओळी अगदी त्याच ठिकाणी तुटाव्यात, म्हणून सगळे हिशेब पूर्णांकांत ठेवले होते.

बेरजेची ही रीत देवनागरीत मात्र फसते. मराठी टंकलेखन यंत्रावर मात्रेची कळ दाबली तरी गाडा पुढे सरकत नसे, म्हणजे मात्रेची रुंदी शून्य. 'करत'मधला 'र' स्वतःची जागा घेतो, पण 'कीर्ती'मधला 'र' रफार होऊन 'ती'च्या डोक्यावर बसतो आणि रुंदीत काहीच भर घालीत नाही. १९९१ च्या भारतीय प्रमाण संकेतात 'क्ष'ला स्वतंत्र क्रमांक नाही. क, हलन्त, ष अशी तीन चिन्हे ओळीने साठवली जातात. युनिकोडमध्येही तसेच आहे. म्हणून आज्ञावलीने आधी चिन्हांवरून जोडाक्षर घडवायचे, कोणती आकृती उमटणार ते ठरवायचे आणि मगच मोजायचे. चिन्हांच्या रुंदीची नुसती बेरीज करून भागत नाही.

विद्यार्थ्यांना 'कमल' आणि 'लक्ष्मी' ही नावे चिन्हे सुटी करून लिहायला सांगा. 'कमल'ची तीन भरतात. 'लक्ष्मी'ची मात्र सात: ल, क, हलन्त, ष, हलन्त, म आणि वेलांटी. फळ्यावर 'लक्ष्मी' काही 'कमल'च्या दुपटीहून अधिक जागा घेत नाही. जागा न मोजता चिन्हे मोजणाऱ्या आणि पाचापुढचे छाटून टाकणाऱ्या आज्ञावलीने या मुलीचे नाव यादीत छापले, तर तिथे उरते ते 'लक्ष्'.