व्हिक्टर बर्गर : मतदारांचा कौल आणि प्रतिनिधीगृहाचा नकार

प्रस्तावना

लोकशाहीत प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार मतदारांचा असतो. परंतु निवडून आलेल्या सदस्याला सभागृहच स्थान नाकारते तेव्हा कोणाचा निर्णय अंतिम मानावयाचा? अमेरिकेत पहिल्या महायुद्धानंतर हा प्रश्न व्हिक्टर बर्गर यांच्या निमित्ताने तीव्रतेने उपस्थित झाला. काँग्रेसवर निवडून आलेले ते पहिले समाजवादी सदस्य होत. त्यांच्या राजकीय कारकिर्दीचा या दृष्टीने आढावा घेणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जडणघडण

बर्गर यांचा जन्म २८ फेब्रुवारी १८६० रोजी तत्कालीन ऑस्ट्रियन साम्राज्यात झाला. १८७८ मध्ये ते अमेरिकेत आले आणि काही वर्षांनी विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी या जर्मनभाषकांची मोठी वस्ती असलेल्या शहरात स्थायिक झाले. तेथे त्यांनी प्रथम शिक्षक म्हणून काम केले व पुढे पत्रकारितेत प्रवेश केला. १९०१ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन समाजवादी पक्षाच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. १९११ पासून ‘मिलवॉकी लीडर’ हे दैनिक त्यांच्या संपादकत्वाखाली प्रसिद्ध होऊ लागले. सशस्त्र क्रांतीपेक्षा मतपेटी, कामगार संघटना आणि टप्प्याटप्प्याने होणाऱ्या सुधारणा यांवर त्यांचा भर होता. त्यामुळे पक्षातील जहाल गट त्यांच्यावर सातत्याने टीका करीत असे.

त्यांच्या विचारांना गंभीर मर्यादाही होत्या. कृष्णवर्णीयांना कनिष्ठ लेखणारे लेखन त्यांनी १९०२ मध्ये केले होते. आशियाई स्थलांतरितांना अमेरिकेत प्रवेश देऊ नये, या मताचेही ते पुरस्कर्ते होते. कामगारांच्या समतेचा पुरस्कार करणाऱ्या या नेत्याची समता वर्णाच्या सीमेपाशी थांबत होती, हे नमूद करणे आवश्यक आहे.

काँग्रेसमधील पहिली कारकीर्द

१९१० च्या निवडणुकीत मिलवॉकीतून बर्गर प्रतिनिधीगृहावर निवडून आले. त्याच वर्षी एमिल सायडेल यांच्या रूपाने शहराला समाजवादी महापौरही लाभला होता. १९११ ते १९१३ या काळात बर्गर हे काँग्रेसमधील एकमेव समाजवादी सदस्य होते. वृद्धांना निवृत्तिवेतन देण्याचे विधेयक त्यांनी १९११ मध्ये मांडले. ते संमत झाले नाही. तथापि १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने वृद्धापकाळाच्या आर्थिक संरक्षणाचे तत्त्व अमेरिकेने स्वीकारले. १९१२ मधील लॉरेन्स येथील गिरणी कामगारांच्या संपाची काँग्रेसमध्ये चौकशी व्हावी यासाठीही त्यांनी प्रयत्न केले. १९१२ च्या निवडणुकीत मात्र त्यांचा पराभव झाला.

युद्धविरोध आणि खटला

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली. समाजवादी पक्षाने युद्धास विरोध जाहीर केला. त्याच वर्षी ‘मिलवॉकी लीडर’ची टपालाची सवलत काढून घेण्यात आली. पुढे दैनिकातील लेखनाच्या आधारे बर्गर यांच्यावर हेरगिरी कायद्याखाली आरोप ठेवण्यात आले. खटला प्रलंबित असतानाच, नोव्हेंबर १९१८ मध्ये मतदारांनी त्यांना पुन्हा प्रतिनिधीगृहावर पाठविले. १९१९ च्या आरंभी शिकागो येथे न्यायाधीश केनेसॉ माउंटन लँडिस यांच्या न्यायालयात ते दोषी ठरले व त्यांना २० वर्षांची शिक्षा झाली. अपील प्रलंबित असल्याने ते जामिनावर मुक्त होते.

दोनदा नकार

प्रतिनिधीगृहाने १० नोव्हेंबर १९१९ रोजी त्यांना स्थान नाकारले. राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घेतल्यानंतर शत्रूस साहाय्य करणाऱ्यास अपात्र ठरविणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीचा आधार यासाठी घेण्यात आला. ही तरतूद मूलतः यादवी युद्धातील बंडखोरांना उद्देशून होती. ठरावाच्या विरोधात केवळ एकच मत पडले. ते विस्कॉन्सिनचेच एडवर्ड व्हॉइट यांचे होते. रिक्त जागेसाठी डिसेंबरमध्ये पोटनिवडणूक झाली. बर्गर यांच्या विरोधात एकत्रित उमेदवार उभा करण्यात आला; तरीही मतदारांनी बर्गर यांनाच निवडले. १० जानेवारी १९२० रोजी सभागृहाने पुन्हा नकार दिला. परिणामी त्या मतदारसंघाला मार्च १९२१ पर्यंत प्रतिनिधीच उरला नाही.

पुनरागमन

३१ जानेवारी १९२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. लँडिस यांच्या पूर्वग्रहाविषयी प्रतिज्ञापत्र सादर झाल्यानंतर त्यांनी खटला चालविणे योग्य नव्हते, हे त्याचे कारण होते. युद्धविरोधी लेखन गुन्हा ठरते काय, या मूळ प्रश्नाचा निर्णय न्यायालयाने येथे दिला नाही. १९२२ मध्ये सरकारने खटले मागे घेतले. त्याच वर्षी बर्गर पुन्हा निवडून आले आणि या वेळी त्यांना विनाअडथळा स्थान मिळाले. १९२३ ते १९२९ असे सलग तीन कार्यकाळ त्यांनी पूर्ण केले. १९२९ च्या जुलैमध्ये ट्रामच्या अपघातात ते जखमी झाले आणि ७ ऑगस्ट रोजी त्यांचे निधन झाले.

निष्कर्ष

बर्गर यांनी कायदेमंडळाचा मार्ग श्रेष्ठ मानला आणि कायदेमंडळानेच त्यांना दार बंद केले, हा त्यांच्या कारकिर्दीतील मोठा विरोधाभास होय. पुढे १९६९ मध्ये अ‍ॅडम क्लेटन पॉवेल यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, वय, नागरिकत्व व निवास या घटनात्मक अटी पूर्ण करणाऱ्या निर्वाचित सदस्याला सभागृह वगळू शकत नाही, असा निर्णय दिला. बर्गर यांचे प्रकरण चौदाव्या दुरुस्तीवर आधारलेले असल्याने या निर्णयाने त्याचे पूर्ण उत्तर मिळत नाही. मात्र १९१९ आणि १९२२ या दोन वर्षांची तुलना केल्यास एक गोष्ट स्पष्ट होते. बर्गर तेच होते आणि त्यांची मतेही मूलतः तीच होती. युद्धज्वर ओसरला आणि शिक्षा रद्द झाली, एवढाच फरक पडला होता. भयाच्या काळात बहुमताने घेतलेला निर्णय घटनात्मक भाषेत मांडला, तरी तो न्याय्य ठरतोच असे नाही, हे मिलवॉकीच्या मतदारांनी आपल्या चिकाटीने दाखवून दिले.