बरे झाल्यानंतरची शुश्रूषा

१९४७ सालच्या अखेरीस बॉस्टनच्या बालरुग्णालयात डॉ. सिडनी फार्बर ह्यांनी रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या मुलांना अमिनॉप्टेरिन नावाचे औषध देण्यास आरंभ केला. हे औषध ज्या संशोधकांनी सिद्ध केले त्यांचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांचे नाव आपल्याकडे घ्यावे तितके घेतले जात नाही, म्हणून ते येथे मुद्दाम घेतले. पुढल्या वर्षी जूनमध्ये फार्बर ह्यांनी १६ मुलांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांतील १० जणांना उतार पडला होता. तो अल्पकाळच टिकला. परंतु ज्या रोगापुढे वैद्यकाने हात टेकले होते, तो प्रथमच थोडासा मागे सरला.

तोवर अशा मुलांची शुश्रूषा म्हणजे त्यांच्या अखेरच्या दिवसांची शुश्रूषा, असाच अर्थ होता. पुढे मेम्फिस येथील सेंट ज्यूड रुग्णालयात डॉ. डोनाल्ड पिंकेल ह्यांनी अनेक औषधे आणि मस्तकावर किरण अशी एकत्रित योजना आखली, आणि १९६७-६८ मध्ये उपचार घेतलेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्मी कायमची बरी झाली. वैद्यकाचा हा विजय खराच. पण त्याच्या पोटी एक नवाच प्रश्न जन्मास आला. ही मुले वाढू लागली. त्यांना मिसरूड फुटले, ती महाविद्यालयात गेली, नोकरीच्या शोधास लागली. ती रुग्ण नव्हती, आणि ज्यांना कधी काही झालेच नाही अशांपैकीही नव्हती. त्यांच्यासाठी कोणत्याच रुग्णालयात जागा नव्हती.

कारण ज्या अस्त्राने रोग मारला, त्याचा वार शरीरावरही झाला होता. डॉक्सोरुबिसिन हे एक प्रभावी औषध. ते इटलीत सिद्ध झाले, आणि त्याचे व्यापारी नाव एड्रियाटिक समुद्रावरून पडले. समुद्रासारखेच ते वरून शांत! १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हे औषध पूर्वी घेतलेल्या ११५ मुलांपैकी शेकडा ५७ जणांच्या हृदयाच्या कार्यात काही ना काही दोष आढळला. मस्तकावरच्या किरणांनी कुणाची उंची खुंटे, कुणाला शाळेत गणित जड जाई. काही औषधांनी उंच पट्टीतले स्वर ऐकू येईनासे होत. हे सारे उपचार संपल्यावर वर्षांनी, केव्हा केव्हा दशकांनी प्रकट होते, हे विशेष. १९७५ मध्येच डॉ. ज्युलिओ डांजिओ ह्यांनी, केवळ बरे करणे पुरेसे नाही, असा इशारा दिला होता.

इशारा डॉक्टरांनी दिला. रोजचे काम मात्र पुष्कळसे परिचारिकांच्या हाती आले. फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात डॉ. ॲना मेडोज ह्यांच्याबरोबर काम करणाऱ्या परिचारिका वेंडी हॉबी ह्यांनी, बऱ्या झालेल्यांच्या चिकित्सालयात तज्ज्ञ परिचारिकेचे कार्य काय, ह्यावर १९८६ साली लेख लिहिला. हे कार्य वरवर पाहता कारकुनी वाटेल. जुनी कागदपत्रे काढावयाची, कोणते औषध एकंदर किती गेले ह्याची बेरीज करावयाची, किरण शरीराच्या कोणत्या भागावर पडले ते नोंदवावयाचे आणि त्यावरून हृदयाची, कंठग्रंथीची, कानांची तपासणी केव्हा केव्हा करावी हे ठरवावयाचे. परंतु खरे काम त्यानंतर सुरू होते. आईला थोडा वेळ बाहेर बसवून सतरा वर्षांच्या मुलाशी एकट्याशी बोलावे लागते. मला मुले होतील का, हा प्रश्न तो आईसमोर विचारीत नाही. वडिलधाऱ्या डॉक्टरांनाही तो सहसा विचारीत नाही. माझ्या मते ह्या पदाचा खरा इतिहास त्या बंद दारामागच्या अर्ध्या तासात आहे.

कागदाचे महत्त्व किती, हे २००२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीने दाखविले. बालपणी कर्करोगातून वाचलेल्या ६३५ प्रौढांना स्वतःच्या आजाराविषयी विचारण्यात आले. उपचारांची लेखी माहिती आपणास मिळाली असे सांगणारे शेकडा १५ होते. त्या उपचारांमुळे पुढे गंभीर विकार उद्‌भवू शकतात, हे शेकडा ३५ जणांनाच ठाऊक होते. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेतील बालकर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने पाठपुराव्याचे विस्तृत मार्गदर्शन प्रसृत केले. ते सिद्ध करणाऱ्यांच्या अग्रभागी वेंडी लँडियर ह्या परिचारिकाच होत्या.

इंग्लंडने प्रश्न वयाच्या बाजूने हाती घेतला. १९९० साली लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात केवळ किशोरवयीन कर्करुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष उघडला. भिंतीवर ससे रंगविलेल्या बालकक्षात अवघडून बसणारा, आणि वृद्धांच्या कक्षात भेदरून जाणारा, हा मधल्या वयाचा रुग्ण तेथे प्रथम आपल्या वयाच्यांत येऊन बसला.

आपल्या देशात मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९९१ साली, उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी स्वतंत्र चिकित्सालय सुरू झाले. उपचार संपून दोन वर्षे लोटली आणि रोग परतला नाही, म्हणजे मुलाचे नाव तेथे दाखल होते. पुढे २००९ मध्ये बरे झालेल्या तरुणतरुणींचे 'उगम' नावाचे मंडळ भारतीय कर्करोग संस्थेच्या आश्रयाखाली उभे राहिले. हे रुग्ण केवळ मुंबईचे नव्हेत. बिहार, बंगाल, उत्तर प्रदेश अशा दूरदूरच्या गावांहून आलेली ही मुले बरी होऊन घरी परततात, तेव्हा पाठपुराव्याला हजार मैलांचे अंतर आड येते.

दुसरे अंतर मैलांत मोजता येत नाही. मुलगी विवाहयोग्य झाली की पुष्कळ घरांत त्या आजाराचा उच्चार बंद होतो, आणि आजाराबरोबर तो कागदही पेटीच्या तळाशी जातो. ह्यात आईबापांना दोष देणे सोपे आहे. त्यांची भीती खोटी नसते. मात्र लहानपणी हृदयावर परिणाम करणारी औषधे घेतलेल्या मुलीला दिवस गेले, म्हणजे तिचे हृदय तपासून घेणे अवश्य असते. सासरच्या गावातल्या डॉक्टरिणीला त्या औषधाचे नाव कळणार कसे? म्हणून कागद आईच्या हाती न देता मुलीच्याच हाती द्यावा, त्यावरची नावे तिच्याकडून एकदा मोठ्याने वाचून घ्यावीत, आणि कुणाला केव्हा काय सांगावे हे तिच्याशीच बोलून ठेवावे, हेही परिचारिकेलाच करावे लागते.