कापडावरची विजयकमान

2 एप्रिल 1810 रोजी सम्राट नेपोलियन आपली नवी वधू, ऑस्ट्रियाची राजकन्या मारी लुईझ, हिच्यासह पॅरिसमध्ये प्रवेशला तो एका भव्य विजयकमानीखालून. कमान दगडाची नव्हती. ऑस्टरलिट्झच्या विजयानंतर 1806 मध्ये तिचा पाया घातला होता खरा, पण चार वर्षांत बांधकाम जमिनीच्या फारसे वर आले नव्हते. तेव्हा वास्तुकार शालग्रँ यांनी लाकडाच्या सांगाड्यावर कापड ताणून पूर्ण आकाराची कमान उभारली आणि लुई लाफित या चित्रकाराने तीवर उठावाची शिल्पे रंगविली.

या चित्रप्रकारात पांढऱ्या-करड्या छटांखेरीज रंग नसतो. उजेड कोणत्या बाजूचा हे आधी ठरवायचे आणि प्रत्येक आकृतीची सावली त्याच बेताने टाकायची, की डोळा फसलाच! पॅरिसच्या शेअर बाजाराच्या छताखाली मेनिए व आबेल द पुजोल यांनी रंगविलेली अशी 'शिल्पे' आजही पाहणाऱ्यास चकवितात. उघड्यावर मात्र सूर्य फिरतो आणि रंगविलेली सावली जागची हलत नाही. आमच्या गोंदिया भागात झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे पाहिलेल्या वाचकांस हे सांगावे लागू नये. पडद्यावरचा दगडी राजवाडा रात्रीच्या दिव्यांतच शोभतो.

त्याच दिवशी लूव्रमध्ये विवाहविधी झाला. जोसेफिनशी झालेला पहिला विवाह पॅरिसच्या धर्मन्यायालयाने रद्द ठरविला होता. पोप महोदयांची संमती कोणी घेतली नव्हती. पोप सातवे पायस त्या वेळी साव्होना येथे नेपोलियनच्याच कैदेत होते. पॅरिसमधील तेरा कार्डिनल या विधीस गेले नाहीत. सम्राटाने त्यांची लाल वस्त्रे व मिळकत काढून घेतली, त्यांना काळा झगा घालावयास लावले आणि निरनिराळ्या गावी पाठविले. 'काळे कार्डिनल' हे नाव त्यांना तेव्हाच पडले. त्यांत कॉन्साल्वीही होते. 1801 चा फ्रान्सशी झालेला करार ज्यांनी घडविला तेच हे. आमच्या मते त्या दिवशीच्या सोहळ्यात त्यांच्या रिकाम्या जागाच अस्सल होत्या.

दगडी कमान 1836 साली पुरी झाली. तोवर शालग्रँ (1811) व नेपोलियन (1821) दोघेही निवर्तले होते. तीवर र्‍यूद याने कोरलेले, 1792 च्या स्वयंसैनिकांचे प्रस्थान दाखविणारे शिल्प खऱ्या पाषाणाचे आहे. 15 डिसेंबर 1840 रोजी सेंट हेलेनाहून आणलेली नेपोलियनची शवपेटी तिच्याखालून नेण्यात आली.