दोन पेट्या आणि एका डॉलरचा फरक

या लेखाची सुरुवात एका गणिताने करू. सहावीतल्या मुलांनाही सुटेल इतके ते सोपे आहे.

सन १९९९. अमेरिकेतल्या एका कुटुंबाला दूरचित्रवाणीवरचे कार्यक्रम घरी साठवून ठेवणारे नवे डिजिटल यंत्र घ्यायचे आहे. बाजारात अशी दोन यंत्रे नुकतीच आली आहेत. पहिले टिव्हो. त्यात १४ तासांचे रेकॉर्डिंग मावते आणि त्याची किंमत ४९९ डॉलर आहे. शिवाय सेवेचे शुल्क दरमहा ९.९५ डॉलर, किंवा एकदाच १९९ डॉलर भरून ‘आजीवन’ सेवा. दुसरे रिप्लेटीव्ही. त्यात १० तास मावतात, किंमत ६९९ डॉलर, आणि सेवेचे वेगळे शुल्क नाही. कोणते यंत्र घ्यावे?

चारशे नव्व्याण्णव अधिक एकशे नव्व्याण्णव म्हणजे ६९८. दुसऱ्याची किंमत ६९९. फरक फक्त एका डॉलरचा! त्यात पहिल्यात चार तास जास्त मावतात. वर्गातली बहुतेक मुले ‘टिव्हो’ म्हणतील आणि त्यांचे गणित चुकलेले नसेल. तरीही हे उत्तर अपुरे आहे. का, ते समजून घ्यायचे तर आपल्याला थोडे मागे जावे लागेल.

फितीचे दिवस

चित्र आणि आवाज चुंबकीय फितीवर साठवणारे पहिले यशस्वी यंत्र अमेरिकेतल्या अँपेक्स कंपनीने १९५६ मध्ये आणले. त्याची किंमत सुमारे ५० हजार डॉलर होती. ते दूरचित्रवाणी केंद्रांसाठी होते, घरासाठी नव्हते. घराघरांत शिरली ती जपानी यंत्रे. सोनीने १९७५ मध्ये बीटामॅक्स आणले आणि जेव्हीसीने १९७६ मध्ये व्हीएचएस. बीटामॅक्सच्या सुरुवातीच्या कॅसेटवर एक तास मावे, व्हीएचएसच्या कॅसेटवर दोन. एकाची कॅसेट दुसऱ्यात चालत नसे. अख्खा चित्रपट एका कॅसेटवर मावणे ही ग्राहकाच्या दृष्टीने मोठीच सोय होती आणि अखेरीस व्हीएचएसची सरशी झाली. त्यामागे हे एक महत्त्वाचे कारण होते.

चित्रपट कंपन्यांना ही यंत्रे मुळीच आवडली नव्हती. त्यांनी सोनीवर खटला भरला. तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ जानेवारी १९८४ रोजी पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल लागला. प्रसारित होणारा कार्यक्रम सोयीच्या वेळी पाहण्यासाठी घरी रेकॉर्ड करणे गैर नाही, असे न्यायालयाने ठरवले. एक मत इकडचे तिकडे झाले असते तर पुढचा सारा इतिहास बदलला असता.

आपल्याकडे व्हीसीआरची आठवण निराळी आहे. आमच्या लहानपणी तो भाड्याने यायचा, सोबत तीन-चार कॅसेट यायच्या, आणि रात्रभर सतरंजीवर बसून गल्ली चित्रपट पाहायची. रेकॉर्ड करण्याचे बटण त्याला असे, पण ते क्वचितच कोणी दाबले असेल.

फितीची एक मोठी अडचण होती. जन्मपत्रिकेची जुनी गुंडाळी आठवा. मधला मजकूर वाचायचा तर आधीचा सगळा भाग उलगडावा लागतो. फितीचेही तसेच. शिवाय टोकाशी लिहिणे चालू असताना त्याच वेळी सुरुवातीचा भाग वाचता येत नाही.

एका तासाचे वजन किती?

फितीऐवजी संगणकाची हार्ड डिस्क वापरली तर? कल्पना सोपी आहे, पण हिशेब घाबरवणारा आहे. तो करून पाहू.

अमेरिकन पद्धतीचे डिजिटल चित्र सुमारे ७२० गुणिले ४८० ठिपक्यांचे असते, म्हणजे ३,४५,६०० ठिपके. सेकंदाला अशी सुमारे ३० चित्रे येतात. प्रत्येक ठिपक्याचा उजेड आणि रंग नोंदवायला सरासरी १६ बिट, म्हणजे दोन बाइट लागतात. गुणाकार केला की दर सेकंदाला सुमारे २ कोटी ७ लाख बाइट होतात. एका तासाला सुमारे ७५ गिगाबाइट. टिव्होच्या त्या १४ तासांच्या पेटीतली डिस्क जेमतेम १४ गिगाबाइटच्या घरातली होती. तिच्यात असे चित्र फार तर अकरा मिनिटे मावले असते!

मग चौदा तास कसे मावले? याच्या उत्तराचा एक धागा बेंगळुरूपर्यंत येतो. तिथे जन्मलेले नासिर अहमद अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत होते. चित्रातली माहिती संक्षिप्त करण्याची एक गणिती रीत त्यांना सुचली. १९७२ मध्ये त्यांनी तिच्यासाठी सरकारी अनुदान मागितले, पण ते मिळाले नाही. एका परीक्षकाला ही कल्पना फारच साधी वाटली होती, असे अहमद यांनी पुढे लिहिले आहे. त्यांनी १९७३ च्या उन्हाळ्यात पगाराविना काम केले. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. या रीतीला डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म म्हणतात.

तिचे मर्म असे. चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे लहान चौकोन करायचे. प्रत्येक चौकोनात उजेडाचा चढउतार किती संथ आणि किती झपाट्याचा आहे, ते ६४ आकड्यांत मांडायचे. निळ्या आकाशाच्या किंवा भिंतीच्या तुकड्यात चढउतार संथ असतात. त्यामुळे ६४ पैकी मोजकेच आकडे मोठे येतात आणि बाकीचे शून्याजवळ. आपल्या डोळ्यांना बारीक, झपाट्याचे चढउतार तसेही कमी जाणवतात. ते आकडे ढोबळ ठेवले किंवा गाळले तरी चित्र फारसे बिघडत नाही. याला दुसरी युक्ती जोडली जाते. बातम्या देणारी व्यक्ती बोलताना ओठ हलतात, मागची भिंत तीच राहते. मग दर वेळी भिंत पुन्हा कशाला साठवायची? मागच्या चित्रापेक्षा जेवढे बदलले तेवढेच नोंदवले तरी पुरते. या दोन्ही युक्त्या एकत्र आणणारे एमपेग-२ हे मानक १९९० च्या दशकाच्या मध्यास तयार झाले.

टिव्होच्या सर्वांत हलक्या दर्जात ठिपक्यांची संख्याही कमी घेतली जाई. एवढे सगळे केल्यावर एक तास सुमारे एका गिगाबाइटमध्ये बसू लागला. म्हणजे जाहिरातीतले ‘१४ तास’ या हलक्या दर्जाचे होते. क्रिकेटसारखा वेगवान खेळ चांगल्या दर्जात साठवायचा तर ते तास एक-तृतीयांशाच्या आसपास उतरत. यंत्रावर लिहिलेला आकडा वाचताना ‘कोणत्या दर्जाला?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे, तो यासाठी.

आता ताशी एक गिगाबाइट म्हणजे सेकंदाला पाव मेगाबाइटहून थोडे अधिक. एकाच वेळी लिहायचे आणि वाचायचेही म्हटले तर सुमारे अर्धा मेगाबाइट. त्या काळची डिस्क याच्या कितीतरी पट वेगाने काम करत असे. शाळेतला चपळ कारकून पावती लिहिता लिहिता मध्येच मागच्या पानावरची नोंद वाचून दाखवतो, आणि समोरच्याला दोन्ही कामे एकदमच चालल्यासारखी वाटतात. डिस्कचेही तसेच होते. म्हणून चालू कार्यक्रम थांबवून चहा करून यावे आणि सोडला तिथून पुढे पाहावे, हे प्रथमच शक्य झाले.

दोन कंपन्या, दोन विचार

टिव्हो ही जिम बार्टन आणि माइक रॅमसे यांची कंपनी, रिप्लेटीव्ही अँथनी वुड यांची. दोन्ही यंत्रे जानेवारी १९९९ मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. आतली रचना बरीचशी सारखी. फरक होता तो ग्राहकाशी असलेल्या नात्यात.

कोणता कार्यक्रम कधी लागतो हे यंत्राला आपोआप कळत नाही. त्याला रोजचे वेळापत्रक बाहेरून मिळावे लागते. ही पेटी रात्री घरच्या टेलिफोनवरून कंपनीच्या संगणकाशी बोले आणि वेळापत्रक उतरवून घेई. सेवाशुल्क होते ते यासाठी. रिप्लेटीव्हीने ते किमतीतच धरले होते, टिव्होने वेगळे मागितले. पण टेलिफोनच्या तारेतून माहिती दोन्ही दिशांना जाऊ शकते. कोणती बटणे केव्हा दाबली गेली, याची नोंद टिव्हो गोळा करत असे. व्यक्तीचे नाव त्याला जोडलेले नसते, असे कंपनी सांगे. फेब्रुवारी २००४ मध्ये सुपर बोल सामन्याच्या मध्यंतरात एका गायिकेच्या पोशाखाचा प्रसंग घडला. आपल्या प्रेक्षकांनी सर्वांत जास्त वेळा मागे नेऊन पाहिलेला हा क्षण, असे टिव्होने जाहीर केले. तेव्हा अनेकांना प्रथमच उमगले की आपण पेटीकडे पाहत होतो तशी पेटीही आपल्याकडे पाहत होती.

मे २००२ मध्ये ब्रिटनमधल्या टिव्होधारकांना निराळाच अनुभव आला. त्यांनी न सांगताच यंत्राने बीबीसीच्या एका नव्या मालिकेचा भाग रेकॉर्ड करून ठेवला होता. लोक चिडले. पेटी घरात होती, पैसे आपण दिले होते, आणि हुकूम दुसऱ्याचा चालला होता.

रिप्लेटीव्हीची वाट वेगळी. तिच्या रिमोटवर ३० सेकंद पुढे उडी मारणारे बटण होते, कारण अमेरिकेत जाहिरात बहुधा तेवढीच असते. २००१ मध्ये आलेल्या नव्या यंत्रात जाहिराती आपोआप वगळण्याची आणि रेकॉर्ड केलेला कार्यक्रम इंटरनेटवरून दुसऱ्या रिप्लेटीव्हीधारकाला पाठवण्याची सोय होती. त्याच वर्षी मोठ्या वाहिन्यांनी आणि चित्रपट कंपन्यांनी, तेव्हा रिप्लेटीव्ही बनवणाऱ्या सॉनिकब्लू कंपनीवर खटला भरला. खटल्यात २००२ च्या वसंतात एक विलक्षण आदेश निघाला. ग्राहक काय पाहतात, कोणत्या जाहिराती वगळतात, याची नोंद ठेवणारी प्रणाली साठ दिवसांत तयार करून ती माहिती वादींना द्यावी! कंपनी अशी नोंद ठेवतच नव्हती. सुदैवाने वरच्या न्यायाधीशांनी तो आदेश रद्द केला. अस्तित्वातच नसलेली माहिती निर्माण करण्याची सक्ती करता येणार नाही, हे त्यामागचे कारण.

मूळ खटल्याचा निकाल लागलाच नाही. मार्च २००३ मध्ये सॉनिकब्लूचे दिवाळे निघाले. नव्या मालकांनी पुढच्या यंत्रांतून त्या दोन्ही सोयी काढून टाकल्या.

‘आजीवन’ म्हणजे कोणाचे जीवन?

आता आपल्या गणिताकडे परत येऊ. १९९ डॉलर भागिले ९.९५ म्हणजे २० महिने. यंत्र वीस महिन्यांहून जास्त चालले तर एकरकमी शुल्क फायद्याचे. हेही गणित बरोबर आहे. पण इथे ‘आजीवन’ होते ते ग्राहकाचे आयुष्य नव्हे, त्या पेटीचे. डिस्क आणि पेटी निकामी झाली, नवी घेतली, की आजीवन संपले.

ब्रिटनमध्ये तर पेट्या ठणठणीत असतानाच १ जून २०११ रोजी जुन्या टिव्होची सेवा बंद झाली. ज्यांनी ‘आजीवन’ शुल्क भरले होते त्यांचीही. वेळापत्रकाविना ती यंत्रे आंधळी झाली. मात्र काही हौशी मंडळींनी हार मानली नाही. त्यांनी आपसांत वेळापत्रके तयार करून ती जुन्या यंत्रांना पुरवण्याची स्वतःची व्यवस्था उभारली आणि आपल्या पेट्या चालू ठेवल्या. हे करता आले, कारण यंत्र आत कसे चालते याचे त्यांना कुतूहल होते आणि ते समजून घेण्याचे कष्ट त्यांनी घेतले होते.

पुढची हकीकत थोडक्यात. अँथनी वुड यांनी २००२ मध्ये रोकू ही कंपनी काढली. जपानीत रोकू म्हणजे सहा, आणि ही त्यांची सहावी कंपनी. इंटरनेटवरून थेट कार्यक्रम दाखवणाऱ्या अशा पेट्यांनी घरी साठवण्याची गरजच कमी केली. टिव्होनेही २०२५ मध्ये आपली रेकॉर्डर यंत्रे विकणे थांबवले. आता कार्यक्रम दूरच्या संगणकावर असतो. तो तिथून काढून टाकला तर आपल्या हाती काहीच उरत नाही. कपाटातली जुनी कॅसेट, बुरशी आली तरी, आपली होती.

वर्गासाठी

हे गणित मुलांना जरूर घाला. आधी बेरीज करू द्या. मग तासांमागचा दर्जा विचारा, ७५ गिगाबाइटचा हिशेब करून घ्या. शेवटी तीन प्रश्न फळ्यावर लिहा. सेवा बंद पडली तर या वस्तूचे कोणते काम चालू राहील? विकत घेतल्यानंतर तिच्यात बदल कोण करू शकतो? आणि आपली कोणती माहिती तिच्यातून बाहेर जाते?

हे प्रश्न अमेरिकेतल्या त्या कुटुंबापुरते राहिलेले नाहीत. शाळेत आलेला डिजिटल फळा, त्यातले धडे, त्यांचे वार्षिक शुल्क, मुलांच्या नावांसह भरलेली माहिती, या सगळ्यांना ते लागू आहेत. खरेदीच्या कागदावर सही करण्यापूर्वी मुख्याध्यापकांच्या खोलीत हे तीन प्रश्न एकदा मोठ्याने वाचले जावेत, एवढीच आमची विनंती. एका डॉलरचा फरक कोणालाही दिसतो. बाकीचा फरक विचारल्याशिवाय दिसत नाही.