कांहीं कानांस न ऐकूं येणारे नाद

मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजीं दूरचित्रवाणीचें केंद्र सुरू झालें आणि थोड्याच वर्षांत मध्यमवर्गीय बिऱ्हाडांतून तो चौकोनी पेटारा दिसूं लागला. त्याजबरोबर पुष्कळ घरांतून एक किरकोळ वादहि वरचेवर होऊं लागला. संचाचा आवाज अगदीं बंद केलेला असला, तरी घरांतील शाळकरी मूल शेजारच्या खोलींतून सांगे कीं, संच चालू आहे. त्यांतून सुईसारखा टोंचणारा बारीक नाद येतो आहे. वडील माणसें कान देऊन पाहत. त्यांस कांहीं ऐकूं येत नसे. मग मुलाच्या पदरीं ‘भास होतो’ हा शेरा पडे, आणि अभ्यास टाळण्याचा बहाणा म्हणून क्वचित् एखादा धपाटाहि. वस्तुतः मूल खरें बोलत होतें, आणि वडील माणसेंहि खोटें बोलत नव्हतीं. एकाच घरांतील दोन प्रामाणिक साक्षीदारांची जबानी अशी परस्परविरुद्ध कां यावी, हा प्रश्न दूरचित्रवाणीहून कितीतरी जुना आहे.

पॅलेडियम व ऱ्होडियम या धातूंचा शोध लावणारा विल्यम हाइड वुलॅस्टन हा इंग्रज शास्त्रज्ञ. त्यानें इ. स. १८२० मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें कांहीं कानांस ऐकूं न येणाऱ्या ध्वनींवर एक निबंध मांडला. एका मित्राच्या कानांची परीक्षा करीत असतां त्यास असें आढळलें कीं, ऑर्गनच्या लहान नळीचा उंच सूर त्या गृहस्थास मुळींच ऐकूं येत नाहीं. पुढें चौकशी करतां कोणास रातकिड्याची किरकिर, कोणास वटवाघळाचा चीत्कार, तर क्वचित् कोणास चिमणीचा चिवचिवाटहि ऐकूं येत नाहीं, असें दिसून आलें. या मंडळींस बहिरें म्हणावें, तर साधें संभाषण त्यांस उत्तम ऐकूं येई! वुलॅस्टननें आणखी एक मार्मिक गोष्ट टिपली. सूर चढत जातांना तो हळूहळू मंद होत नाहीं. एका ठराविक मर्यादेपलीकडे किंचित् चढतांच तो एकाएकीं नाहींसा होतो.

ही मर्यादा मोजण्याचें साधन फ्रॅन्सिस गॉल्टननें सिद्ध केलें. तें म्हणजे एक इवलीशी शिटी. तिची पोकळी स्क्रूनें कमी-अधिक करून सूर पाहिजे तितका उंच नेतां येई. ही शिटी त्यानें आपल्या हातांतील काठीच्या टोंकास बसविली आणि प्राणिसंग्रहालयांत जाऊन एकेका जनावराच्या कानाजवळ ती वाजवून पाहिली. मांजराच्या जातीचे प्राणी या परीक्षेंत फार तीक्ष्ण ठरले. स्वित्झर्लंडमधील बर्न शहराच्या रस्त्यांवर लोळत पडलेल्या मोठमोठ्या कुत्र्यांवर त्यानें तासन् तास प्रयोग केला. एकानेंहि मान वर केली नाहीं. गॉल्टनचे वंशसुधारणेविषयींचे विचार आज कोणी शहाणा मनुष्य पत्करणार नाहीं, परंतु माणसांची पारख त्यास होती. लहानथोरांच्या मेळाव्यांत शिटी वाजविली असतां, मुलांस स्पष्ट ऐकूं येणारा सूर आपणांस ऐकूं येत नाहीं हें कळून वडीलधारे कसे चिडतात, याची गमतीदार नोंद त्यानें १८८३ च्या आपल्या ग्रंथांत करून ठेविली आहे.

याचें कारण कानाच्या रचनेंत आहे. आंतील शंखाकृति नळींत सूक्ष्म केसाळ पेशींची रांग असते. उंच सूर टिपणाऱ्या पेशी नळीच्या तोंडाशींच असतात आणि वयाबरोबर त्याच अगोदर निकामी होतात. बालपणीं सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंत पोंचणारी मर्यादा उतारवयांत पुष्कळांच्या बाबतींत १०,००० च्या आसपास येते. ऱ्हास इतक्या मंद गतीनें होतो कीं, ज्याचें गेलें त्यास पत्ताहि लागत नाहीं.

आतां संचांतील नादाकडे वळूं. अमेरिकेंत चार्ल्स पेज यास १८३७ मध्येंच असें आढळलें होतें कीं, चुंबकाजवळील तारेच्या वेटोळ्यांतील विद्युत्प्रवाह तोडतांना वा जोडतांना चुंबकांतून सूर निघतो. पुढें जूल यानें दाखविलें कीं, लोखंड चुंबकित होतांना त्याची लांबी किंचित् बदलते. जुन्या दूरचित्रवाणीसंचांत किरण पडद्यावर एकेक ओळ ओढी आणि दर ओळीस ट्रान्सफॉर्मरचा गाभा व वेटोळीं थरथरत. बी. बी. सी. नें १९३६ मध्यें लंडनहून प्रक्षेपण सुरू केलें, तेव्हां चित्रांत ४०५ ओळी होत्या आणि सेकंदास २५ चित्रें. म्हणजे कंपनें १०,१२५. हा सूर प्रौढांसहि ऐकूं येण्याजोगा होता. पुढें ६२५ ओळींची पद्धति आली, तीच मुंबईसहि आली, आणि संख्या १५,६२५ वर गेली. चित्र सुधारलें, आणि घरोघरच्या आजोबांपुरता संच मुका झाला. नातवंडांपुरता तो झाला नाहीं, एवढेंच!

या भेदाचा उपयोग पुढें एका निराळ्याच कामीं करण्यांत आला. वेल्समधील हॉवर्ड स्टेपलटन यानें २००५ मध्यें ‘मॉस्किटो’ नांवाचें यंत्र बाजारांत आणलें. सुमारें १७,४०० कंपनांचा त्रासदायक सूर काढून दुकानांपुढें घोळका करणाऱ्या पोरांस पिटाळावें, आणि मोठ्या गिऱ्हाइकांस त्याची दादहि नसावी, ही कल्पना. ज्या कानांवर पूर्वीं विश्वास ठेविला नाहीं, तेच कान हेरून त्यांस पीडा देण्याचा हा प्रकार फारसा शोभणारा नव्हे. पोरांनीं मात्र तोच सूर भ्रमणध्वनीवर घालून घेतला, आणि वर्गांत संदेश आले तरी शिक्षकास कळेना. ही कल्पकता दाद देण्याजोगीच होय.

किरणनळीचे संच आतां घरांतून गेले. नाद मात्र गेला नाहीं. मोबाइलचे चार्जर आणि एल. ई. डी. दिवे यांतील मंडलें विजेचा प्रवाह सेकंदास हजारों वेळां तोडतात व जोडतात. त्यांतील कांहीं कपॅसिटरांची चिनीमाती विजेच्या दाबानें आकुंचन-प्रसरण पावते; या गुणधर्माचा माग प्येर व झाक क्युरी या बंधूंनीं १८८० च्या सुमारास लावला होता. ही तोडजोड २०,००० च्या वर राहील अशी योजना सामान्यतः केलेली असते. परंतु भार अगदीं हलका असला, कीं कांहीं चार्जर वीज वांचविण्यासाठीं मधून मधून थबकतात, आणि त्या थबकण्याची लय ऐकूं येण्याच्या टापूंत उतरते. म्हणूनच फोन काढून घेतल्यावर भिंतीस तसाच राहिलेला चार्जर कधीं कधीं रात्रीं बारीक आवाजांत किणकिणत असतो, आणि तो कोणता हें घरांतील सर्वांत लहान मुलास बहुधा अचूक दाखवितां येतें.