साथीचे मूळ आणि गावाची बदनामी

मंडळी, नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपण म्हणतो. साथीचे मूळ मात्र शोधावेच लागते. पण ते घाईने शोधले, तर चोर सोडून संन्याशाला फाशी होते.

१९१८ सालची इन्फ्लुएंझाची साथ पाहा. जुनी माणसे तिला मानमोडी म्हणत. जूनमध्ये ती मुंबई बंदरात दिसली आणि आगगाडीबरोबर देशभर गेली. एक कोटीहून अधिक माणसे दगावली. जगाने तिला नाव दिले ‘स्पॅनिश फ्लू’. का बरे? महायुद्धात गुंतलेले देश आजाराच्या बातम्या दाबीत होते. स्पेन तटस्थ, तिथली वर्तमानपत्रे मोकळेपणी छापत होती. बोलला तोच बदनाम झाला! मूळ कोणी अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये सांगतात, कोणी फ्रान्समधल्या ब्रिटिश छावणीत, कोणी चीनमध्ये. शंभर वर्षे उलटली, निकाल लागलेला नाही.

आता आपल्या वऱ्हाडाकडे येऊ. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती-अकोल्यात करोनाचे रुग्ण एकाएकी वाढले. कोणी म्हणाले, लग्नांची आणि जानेवारीतल्या ग्रामपंचायत निवडणुकांची गर्दी भोवली. कोणी म्हणाले, विषाणूच बदलला. गुरुजी, हा वाद वर्गात जरूर मांडा. निवडणुका तर राज्यभर झाल्या. मग वाढ इथेच आधी का? म्हणजे नुसत्या गर्दीने उत्तर पुरे होत नाही. बरे, विषाणू बदलला म्हणावे, तर त्याला घरोघर नेले कोणी? माणसांनीच ना! ठिणगी आणि वाळले गवत, दोन्ही असल्याशिवाय वणवा पेटत नाही.

२४ मार्चला केंद्राने जाहीर केले, की महाराष्ट्रातल्या नमुन्यांत दोन खास बदल असलेला विषाणू सापडला आहे. त्याच कुळातला डेल्टा. मग तो अमरावतीत जन्मला काय? या कुळाचे नमुने देशात ऑक्टोबर २०२० मध्येच मिळाले होते. अमरावतीची लाट त्यानंतरची. जो शेतकरी बोंडे फोडून पाहतो, त्याला अळी आधी दिसते. म्हणून ती त्याच्याच वावरात जन्मली, असे कोण म्हणेल? देशांची नावे बदनाम होऊ नयेत, म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२१ मध्ये अशा विषाणूंना ग्रीक अक्षरांची नावे दिली.

तेव्हा, आजार आधी दिसला कुठे आणि उपजला कुठे, हे दोन प्रश्न निरनिराळे ठेवा. ज्या गावाने आजार आधी सांगितला, त्यालाच डाग लावला, तर पुढल्या वेळी ते गाव आजार लपवील. आणि त्याची किंमत शेजारच्या दहा गावांना मोजावी लागेल.