परसदारातला इतिहास

वसईचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम किल्ला उभा राहतो. १५३४ चा तह, पोर्तुगीजांची दोन शतके आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकलेला किल्ला, एवढ्यावर आपली उजळणी संपते. परंतु त्या काळाचा आणखी एक साक्षीदार आपल्या घरामागे होता. विहीर, केळीची बाग आणि कोंबड्यांचे खुराडे असलेले परसदार, हा तो साक्षीदार होय. त्याची बखर कोणी लिहिली नाही. कारण ते सांभाळणारे हात बहुधा बायकांचे होते.

खुराड्यातील कोंबडीची वंशावळ किल्ल्याहून कितीतरी जुनी आहे. रानकोंबडा माणसाळला तो आग्नेय आशियात, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेले संशोधन सांगते. पाळीव कोंबडीच्या कातडीचा पिवळा रंग मात्र राखी रानकोंबड्याकडून आला, हे २००८ मध्ये जनुकशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. हा राखी रानकोंबडा आपल्या सह्याद्रीच्या रानात आजही आरवतो.

परसदाराची व्यवस्था साधी, पण पक्की होती. कांडणातली कणी, उरलेला भात आणि वाडीतले किडे यांवर कोंबडी जगे. तिची विष्ठा केळीच्या बुंध्याशी खत म्हणून पडे. कोंबडी खुडूक झाली की गृहिणी टोपलीत पेंढा घालून दहा-बारा अंडी मांडी आणि एकविसाव्या दिवशी पिलांची चिवचिव ऐकू येई. १८६७ साली विरारहून मुंबईस गाडी सुरू झाली आणि वाडीतली केळी, भाजी व फुले यांना शहराची बाजारपेठ जवळ आली. वाडीचा हिशेब घरधन्याकडे असे; अंड्यांचे चार पैसे मात्र घरधनिणीचे. मुलाची पाटी, लेकीच्या बांगड्या, आजाऱ्याचे औषध यांसाठी तिला कोणापुढे हात पसरावा लागत नसे.

स्वयंपाकघरातही इतिहास शिजत होता. सणासुदीला रांधल्या जाणाऱ्या इंदेलाचे मूळ पोर्तुगीजांच्या, द्राक्षमद्य व लसूण यांत मांस मुरवण्याच्या पद्धतीत आहे. आपल्या सुगरणींनी मद्याच्या जागी शिरका घातला आणि जोडीला मिरची वाटली. ही मिरचीही मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज जहाजांतून सोळाव्या शतकात ती या किनाऱ्यास लागली. तत्पूर्वी आपला तिखटपणा काळ्या मिरीचा होता. पावसाळ्यापूर्वीच्या उन्हात मिरच्या वाळवून, मसाल्याचे जिन्नस भाजून, कुटून गडद काचेच्या बाटल्यांत ठासून भरण्याची रीत पडली आणि त्या मसाल्यास नावही बाटलीचेच मिळाले. १७३९ साली राज्य गेले. चूल मात्र विझली नाही.

पुढे काळ पालटला. मानमोडीच्या साथीत खुराडीच्या खुराडी रिकामी होत. मग पिंजऱ्यांतल्या कुक्कुटपालनाचा विस्तार झाला. १९८२ साली अंडी उत्पादकांची राष्ट्रीय समन्वय समिती स्थापन झाली. अंडे मुबलक झाले, गरिबाच्या ताटात आले. हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. परंतु जास्त अंड्यांसाठी निपजवलेल्या या जातींत अंड्यांवर बसण्याची उपजत ओढ जवळजवळ उरलेली नाही. इकडे २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली आणि कित्येक वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या.

परसदार गेले म्हणजे केवळ जागा गेली, असे नव्हे. घरच्या बाईच्या हातचे हक्काचे चार पैसे गेले आणि पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेले ज्ञानही जाऊ लागले. कोणत्या कोंबडीखाली किती अंडी मांडावीत, मसाल्यात कोणता जिन्नस आधी भाजावा, हे किल्ल्याच्या शिलालेखांत सापडणार नाही. ज्यांच्या घरी आजी आहे, त्यांनी तिच्याजवळ बसून ते विचारावे आणि लिहून ठेवावे. किल्ल्याच्या जतनाची काळजी वाहणारे खाते आहे. या इतिहासाची काळजी आपल्यालाच वाहावी लागेल.